पिवळा होज रिकामा नव्हता

एसीच्या लाइनला नवीन आलेल्या पोरांसाठी लिहितोय. पंपडाउन, व्हॅक्युम, फ्लेअर ही रोजची कामं तुम्हाला येतच असतील. मी फक्त माझा उजवा अंगठा एसीच्या लिक्विड गॅसने कसा गारठला ते सांगतो.

मे महिना, चौथा मजला, आर-410ए ची मशीन. हा गॅस मिश्रण, त्यामुळे सिलिंडर उलटा करून लिक्विडच सोडतात. गॅसचं वजन भरलं, मी सिलिंडरचा वॉल्व्ह बंद केला, मॅनिफोल्डचाही (होज जोडायचा, दाबाचे काटे असलेला संच) केला आणि त्या दोघांमधल्या पिवळ्या होजचा सिलिंडरकडचा नट सोडला. इथेच मेलो. दोन्ही तोंडं बंद झाली की होज रिकामा होत नाही, लिक्विड आत कोंडतं. 35 अंशांना सुमारे 300 पीएसआय दाब, आणि बाहेर येताच ते उणे 51 अंशांना उकळतं. आधी फक्त सिलिंडर बंद करा. मशीन चालू, लो साइड (कमी दाबाची बाजू) उघडी. होजमधलं लिक्विड मशीनला ओढू द्या, काटा चालू मशीनच्या सक्शनच्या (ओढीच्या) दाबावर येऊन थांबू द्या, मग मॅनिफोल्ड बंद, मग नट. दोन मिनिटं जातात. रीलवाले ही दोन मिनिटं कापून टाकतात!

हातात सुती हातमोजे होते. सुती मोजा लिक्विड पितो आणि कातडीला धरून बसतो. चामड्याचे किंवा इन्सुलेटेड घ्या, आणि चष्मा लावा.

दुखलंच नाही. अंगठा मेणासारखा पांढरा, टणक. उस्ताद म्हणाले, "काही होत नाही रे, चहाचा ग्लास धर." धरला. बधिर बोटाला चटका कळतो थोडाच? गारठलेल्यावर भाजलं. रात्री ठणका, सकाळी फोड, पुढे नख गेलं. उस्तादांचा हात ब्रेझिंगला (पाइप जोडायला) सोन्यासारखा. डॉक्टरकीचं मात्र त्यांचं ऐकू नका.

मोजा चिकटला असेल तर ओढू नका, वरून कोमट पाणी सोडा. अंगठी काढा. 37 ते 39 अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. पाणी दुसऱ्याने कोपर घालून बघायचं. चोळायचं नाही, फोड फोडायचा नाही. रंग परतताना डोळ्यात पाणी येईल इतकं दुखतं. तेव्हा घाबरू नका, रक्त फिरतंय. पांढरं राहिलं किंवा फोड आला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्यात उडालं तर धूत धूतच हॉस्पिटल गाठा. (बर्फ कारखान्यात अमोनियावर असाल तर गोष्ट वेगळी, तो जाळतोही, आधी भरपूर पाण्याने धुवा.)

बहुतेकांचं नुसतं लाल होऊन भागतं. माझा अंगठाही चालतो, फक्त डिसेंबरात पाना धरला की तो बाकीच्या बोटांआधी झिणझिणतो.