लहान मुलाला दुखापत झाल्यावर : अपघात विभागात पहिल्यांदा जाताना

लहान मूल पलंगावरून पडले, दाराच्या फटीत बोट चेंगरले किंवा टीपॉयच्या कोपऱ्यावर आपटून कपाळाला खोक पडली, की घरात एकच धावपळ उडते आणि जो तो आपापला उपाय सांगू लागतो. अशा वेळी पहिल्यांदाच कॅज्युअल्टीत जाणाऱ्या आईवडिलांना वाटते की, आता जे काही करायचे ते डॉक्टर करतील. उपचार तेच करतील हे खरे. परंतु मूल कसे पडले, केव्हा पडले आणि एरवी ते कसे वागते, हे त्या खोलीत फक्त तुम्हालाच ठाऊक असते आणि डॉक्टरांचे बरेचसे निर्णय त्यावरच बेतलेले असतात.

घरातून निघण्यापूर्वी

रक्त वाहत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा धुतलेले सुती कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबून धरावे आणि दहा मिनिटे ते उचलून पाहू नये, कारण दर वेळी कापड उचलले की धरू लागलेली गुठळी सुटते. कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद किंवा कॉफीची पूड जखमेत भरू नये. ती नंतर धुऊन काढावी लागते आणि त्यात मुलाचे हाल होतात. भाजले असेल तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट किंवा शाई यांपैकी काहीही लावू नये.

हात किंवा पाय वेडावाकडा दिसत असेल तर ओढून सरळ करण्याचा प्रयत्न न करता आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याचा आधार द्यावा. हाडवैद्याकडे मालीश करून घेण्याचा आग्रह घरातून होतो, तो येथे मानू नये. मुलांच्या हाडांच्या टोकांशी वाढीचा भाग असतो आणि तेथील मोड एक्स-रे काढल्याशिवाय लक्षात येत नाही.

मूल बेशुद्ध असेल, श्वास नीट घेत नसेल, आचके देत असेल, रक्त थांबतच नसेल किंवा उंचावरून पडून मान दुखत असल्याचे सांगत असेल, तर त्याला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य मिळते. आचके येत असताना मुलाला कुशीवर वळवावे आणि तोंडात चमचा, पाणी असे काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्याचा काहीच उपयोग होत नाही.

डोक्याला मार लागला असेल तर

आईवडिलांना सर्वांत जास्त धास्ती याचीच असते. पडल्याबरोबर मोठ्याने रडलेले, थोड्या वेळात शांत होऊन पुन्हा खेळू लागलेले मूल बहुधा सुखरूप असते. मात्र काही क्षण जरी शुद्ध हरपली असेल, एकाहून अधिक वेळा उलटी झाली असेल, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येत असेल, मूल नेहमीपेक्षा सुस्त किंवा विचित्र चिडचिडे वाटत असेल, तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. दोन वर्षांखालील मुलाच्या कपाळावर आलेल्या टेंगळापेक्षा डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेले मऊ टेंगूळ अधिक गंभीर मानले जाते. या वयात तीन फुटांहून आणि मोठ्या मुलांत पाच फुटांहून अधिक उंचीवरून पडणे हेही डॉक्टर जोखमीचे धरतात. स्वयंपाकघरातला ओटा जवळजवळ तीन फूट उंच असतो, हे ध्यानात असू द्यावे. तान्ह्या बाळाच्या बाबतीत लक्षणांची वाट न पाहता दाखवून आणलेले बरे.

सोबत काय घ्यावे

लसीकरणाचे कार्ड, चालू औषधांची नावे, मुलाचे आधार कार्ड आणि शासकीय योजनेसाठी लागू शकते म्हणून शिधापत्रिका एवढे पुरे. मुलाचे अलीकडचे वजन पाठ असावे, कारण मुलांच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. तापाचे किंवा वेदनेचे सिरप आधीच पाजले असेल तर बाटलीही सोबत न्यावी. एकाच औषधाची सिरपे वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात आणि ‘एक चमचा दिले’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. रडणे थांबवण्यासाठी वाटेत बिस्किट किंवा दूध देण्याचा मोह आवरावा. भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असणे आवश्यक असते आणि एका बिस्किटापायी काही तास थांबावे लागू शकते.

कॅज्युअल्टीत

एकाने मुलाला घेऊन थेट आत जावे आणि दुसऱ्याने केस पेपर काढावा. तेथे आलेल्या क्रमाने नव्हे, तर प्रकृतीच्या गांभीर्याने घेतात. त्यामुळे तुमच्यानंतर आलेला रुग्ण आधी आत गेला तर तो अन्याय नसतो. परंतु थांबलेले असताना मूल पेंगुळले, पुन्हा उलटी झाली किंवा हातापायाची बोटे निळसर पडली, तर संकोच न करता सिस्टरना ताबडतोब सांगावे. पोलीस केस आहे, या कारणाने तातडीचा उपचार नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे बंधन सरकारी आणि खासगी अशा सर्वच डॉक्टरांवर घातले आहे.

यानंतर हकीकत विचारली जाते आणि येथेच पुष्कळ घरांत गफलत होते. मूल आजीच्या किंवा सांभाळणाऱ्या मावशींच्या हातून पडलेले असते, त्यांना बोल लागू नये म्हणून ‘खेळताना पडला’ असे मोघम सांगितले जाते. कधी सासरच्यांसमोर आईलाच खरे बोलायचा धीर होत नाही. पण पलंगावरून पडलेल्या आणि जिन्याच्या आठ पायऱ्या गडगडत आलेल्या मुलाची तपासणी सारखी नसते. सांगितलेली हकीकत आणि दिसणारी दुखापत जुळली नाही, तर डॉक्टरांना शंका घ्यावीच लागते, तो त्यांच्या कर्तव्याचा भाग आहे. म्हणून ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्यालाच बोलू द्यावे, तो सोबत नसेल तर फोन लावून द्यावा, आणि कोणीच पाहिले नसेल तर तसेच सांगावे. किती वाजता, किती उंचीवरून, कशावर आणि कोणत्या अंगावर पडले, लगेच रडले का, त्यानंतर काय खाल्ले, हे निघतानाच मोबाइलवर लिहून ठेवले की घाबरलेल्या अवस्थेतही सुटत नाही. ‘हा एरवी इतका गप्प नसतो’ हे तुमचे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने मोलाचे असते, ते मनात ठेवू नये.

डोक्याच्या दुखापतीत डॉक्टरांनी लगेच सीटी स्कॅन न सांगता चार ते सहा तास देखरेखीखाली ठेवायचे ठरवले, तर त्याला हलगर्जीपणा समजू नये. स्कॅनमध्ये किरणोत्सर्ग असतो आणि लहान वयात तो विनाकारण टाळणेच योग्य ठरते.

टाके घालताना

टाक्यांच्या वेळी आईवडिलांपैकी जो अधिक शांत राहू शकतो त्याने आत थांबावे. ज्याला रक्त पाहून भोवळ येते त्याने बाहेर बसणे हेच मुलाच्या हिताचे आहे. बहुतेक वेळा सिस्टर मुलाचे हात अंगालगत घेऊन त्याला चादरीत गुंडाळतात. हे दृश्य पालकांना क्रूर वाटते, पण अचानक झटका देऊन सुई भलतीकडे लागण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित असते. तुम्ही मुलाच्या डोक्याशी, त्याला तुमचा चेहरा दिसेल असे उभे राहावे. ‘काही दुखणार नाही’ असे मात्र सांगू नये. बधिर करणारे इंजेक्शन सुरुवातीला झोंबतेच, आणि एकदा खोटे ठरलेल्या आईवर मूल पुढच्या सुईच्या वेळी विश्वास ठेवत नाही. ‘आता मुंगी चावल्यासारखे होईल, मग ओढल्यासारखे वाटेल, मी इथेच आहे’ एवढे पुरेसे असते. ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी तर कोणीच देऊ नये. जखम लहान आणि कडा सरळ असतील तर टाक्यांऐवजी औषधी गोंदही वापरतात. तसे चालेल का, हे विचारण्यास हरकत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन हवे की नको, हे जखम कशी आहे आणि कार्डावरचे डोस पूर्ण आहेत का, यावर ठरते.

घरी परतताना

डिस्चार्ज कार्ड हातात पडले की लगेच न निघता सिस्टरना सिरपची मात्रा सिरिंजवर खूण करून दाखवायला सांगावे. जखम किती दिवस कोरडी ठेवायची आणि टाके कधी काढायचे, हे कागदावर लिहून घ्यावे. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाचव्या दिवशी निघतात, तर गुडघ्यावरच्यांना दहा ते चौदा दिवस लागतात. डोक्याला मार असेल तर रात्री मुलाला झोपू द्यावे. ‘झोपू देऊ नका’ हा जुना सल्ला सरसकट पाळण्याची गरज नाही. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढ्या वेळा हलवून पाहावे आणि ते कूस बदलते किंवा कुरकुरते का, हे बघावे. नीट जागेच झाले नाही, पुन्हा उलट्या सुरू झाल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता तेच कार्ड घेऊन परत कॅज्युअल्टीत जावे.