नेट नसलेल्या वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरमधलं जुनं विनरार कसं तपासायचं, कसं बदलायचं

"नेटच नाही त व्हायरस येईन कुठून, भाऊ?" पांढरकवड्याकडच्या एका कापसाच्या जिनिंगचे मुनीमजी मला दर हंगामात हे विचारतात. बरीच वर्षं मीही मान हलवायचो. घाटंजीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काट्याच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला नेट नाही म्हणजे काळजी नाही, असं मी कितीतरी जणांना सांगितलं आहे. ते चूक होतं, म्हणून हे लिहितोय.

त्या कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी काय होतं ते बघा. दिवसभराच्या काटापावत्यांचा डेटा विनरारने, म्हणजे बऱ्याच फाइलींची एकच छोटी फाइल बांधणाऱ्या सॉफ्टवेअरने, बांधून पेनड्राइव्हवर घेतात. पेनड्राइव्ह यवतमाळला हिशेब बघणाऱ्याकडे जातो आणि परत येताना त्यात त्याच्याकडच्या, तशाच बांधलेल्या रार फाइली असतात. मुनीमजी त्या इथेच उघडतात. नेटची तार नसली तरी ये-जा रोजची आहे.

आता बिघाड काय, ते. जुलै २०२५ मध्ये ईसेट या कंपनीच्या संशोधकांना विनरारमध्ये एक भोक सापडलं. अशा दोषांच्या यादीतला त्याचा नंबर सीव्हीई-२०२५-८०८८. रार फाइल उघडली की आत एकच साधी फाइल दिसते, पण तिला न दिसणारे तुकडे चिकटवलेले असतात. प्रत्येक तुकड्यासोबत तो कुठे ठेवायचा याचा पत्ता असतो. पत्त्यात दोन टिंबं म्हणजे एक फोल्डर मागे जा. अशी टिंबं पुन्हा पुन्हा लिहून तुकडा थेट स्टार्टअप फोल्डरपर्यंत पोहोचवता येतो आणि जुनं विनरार तो पत्ता मुकाट्याने पाळतं. तुम्ही फाइल डेस्कटॉपवर काढता, कॉम्प्युटर बंद करून घरी जाता. सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की तो तुकडाही आपोआप सुरू होतो. यात नेट कुठेच लागत नाही.

३० जुलै २०२५ ला आलेल्या विनरारच्या ७.१३ या व्हर्जनमध्ये हे भोक बुजवलं. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. नेट असलेल्या मशीनवरही होत नाही, मग काट्यावर कोण आणून देणार?

तपासणीची सुरुवात व्हर्जनपासून करा. विनरार उघडा, हेल्प मेन्यूत अबाउट बघा. मुनीमजींकडे ५.४० निघालं, म्हणजे २०१६ चं. त्यात याहून जुनं एक भोकही होतं. एस (एसीई) या रारसारख्याच जुन्या प्रकारच्या फाइली उघडणारी युएनएसीईव्ही२ नावाची डीएलएल, म्हणजे सॉफ्टवेअर वापरतं ती मदतनीस फाइल, तीही २००६ मध्ये तयार झालेली. तिच्यातला दोष चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०१९ मध्ये उघड केला आणि विनरारने ५.७० पासून एसचा आधारच काढून टाकला. तोही असाच पत्त्याचा खेळ होता.

दोषाची तीव्रता दहापैकी आकड्यात देतात आणि नऊ किंवा त्याच्या वर गेलं की 'क्रिटिकल' म्हणतात. ईसेटने या दोषाला ८.४ दिले. पण आकडा बघून ठरवू नका. बाहेरच्या फाइली या मशीनवर उघडतात का, उघडणारा माणूस ॲडमिन लॉगिननेच बसतो का आणि हे मशीन बंद पडलं तर काय अडतं, हे विचारा. काट्यावर पहिल्या दोन्हींचं उत्तर 'हो' होतं. तिसऱ्याचं उत्तर खिडकीतून दिसत होतं: कापसाच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. मी ते काम त्याच रात्री, काटा बंद झाल्यावर केलं.

काही बसवण्याआधी काट्याच्या सॉफ्टवेअरचा अख्खा फोल्डर दुसऱ्या, कोऱ्या पेनड्राइव्हवर घ्या. मग स्टार्टअप बघा. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'शेल:स्टार्टअप' आणि नंतर 'शेल:कॉमन स्टार्टअप' इंग्रजी अक्षरांत टाइप करा. अनोळखी शॉर्टकट दिसला तर तो उघडू नका. मोबाइलने फोटो काढा, तारीख लिहून घ्या आणि मशीन वापरणं थांबवा. तिथे नवं विनरार टाकून भागणार नाही; पूर्ण तपासणी लागेल. आमच्याकडे सुदैवाने प्रिंटरचाच एक शॉर्टकट होता.

नवं विनरार दुकानातल्या नेटवाल्या मशीनवर, फक्त कंपनीच्या साइटवरून उतरवा. 'फुल व्हर्जन आहे' म्हणून कोणी पेनड्राइव्ह दिला तर तो घेऊच नका. भोक बुजवायला जाऊन दुसरं पाडाल. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स बघा. तिथे 'विन.रार जीएमबीएच' हे नाव हवं. अँटीव्हायरसने पेनड्राइव्ह तपासा आणि तेवढी एकच फाइल घेऊन जा. जुनं विनरार आधी काढून टाका, मग नवं टाका.

बहुतेक जण इथे थांबतात, मीही थांबलो असतो. पण सी ड्राइव्हमध्ये 'अनरार' शोधून बघितलं, तर काट्याच्या सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये रार फाइली उघडणारी अनरार डीएलएल पडलेली. हा दोष तिच्यातही आहे आणि विनरार बदलल्याने ती बदलत नाही. ती स्वतः बदलायला जाऊ नका, सॉफ्टवेअर ३२-बिट आणि डीएलएल ६४-बिट निघाली तर सकाळी काटाच सुरू होणार नाही. ज्याने सॉफ्टवेअर बसवलं त्याच्याकडून नवी मागवा. तोपर्यंत काट्याच्या सॉफ्टवेअरमधल्या 'रिस्टोर' या बटणाने बाहेरची कुठलीही फाइल उघडायची नाही, असं मी मुनीमजींकडून कबूल करून घेतलं.

मशीन इतकं जुनं असेल की नवं विनरार बसतच नाही, तर विनरार काढूनच टाका. झिप फाइल विंडोज स्वतः बांधतं आणि उघडतं. पावत्यांच्या बॅकअपला तेवढं पुरतं. यवतमाळलाही निरोप द्या की रार पाठवू नका, झिप पाठवा. आणि त्यांचं विनरारही बघायला सांगा, कारण पेनड्राइव्ह तिकडूनच येतो.

शेवटी चाचणी घ्या. बॅकअप बांधा, दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडा, आतली पावती वाचता येते का बघा. सकाळी मी मुद्दाम थांबलो. पहिली गाडी काट्यावर चढली, वजन पडद्यावर आलं, पावती नीट छापली गेली. मग सीपीयूवर कागद चिकटवला: विनरार ७.१३, बसवल्याची तारीख, खाली माझा नंबर, आणि 'अनरार डीएलएल बाकी'.