नोटिफिकेशन माणसांची ठेवा, अ‍ॅपची नकोत

सारखा फोन उचलायची सवय मोडायची, तर आधी त्याच्या हाका थांबवा. सेटिंग्जमधली नोटिफिकेशनची यादी उघडा आणि प्रत्येक अ‍ॅपपाशी थांबून पाहा: पलीकडे कुणी माणूस माझ्या उत्तराची वाट पाहतंय का? कॉल, मेसेज, बँकेचे व्यवहार चालू राहू द्यात. ‘अमक्याने फोटो टाकला’, ‘तुमच्यासाठी नवे व्हिडिओ’ हे बेधडक बंद करा; ते तुम्हाला परत ओढायलाच असतं. व्हॉट्सअ‍ॅपचे गजबजलेले ग्रुप ८ तासांसाठी नव्हे, कायमचे म्यूट करा. कुणाला कळत नाही, ग्रुपही सोडावा लागत नाही. रात्री ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना मात्र घरच्यांच्या कॉलना आठवणीने सूट द्या, नाहीतर काळजीपोटी फोन पुन्हा उशाशी येतो.