मिनी पीसी की असेंबल्ड? पैसे मोजण्याआधी या चुका टाळा

मार्चचे दिवस, हळदीचे सौदे जोरात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून फोन आला, "अरे, तुझ्याकडनं नेलेलं ते डबडं दुपार झाली की बंद पडालंय बघ. सकाळी ब्येस चालतंय, जेवून आलो की मेलंय."

डबडं म्हणजे मिनी पीसी, हातात मावेल एवढा कॉम्प्युटर. मीच दिलेला. टॅलीतला हिशोब, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीच्या पावत्या) आणि थोडा ई-मेल एवढंच काम, त्याला दोन हात जागा खाणारं कॅबिनेट कशाला, असं शेठना मीच पटवलं होतं. जाऊन बघतो तर तो काउंटरखालच्या कप्प्यात, पावत्यांच्या गठ्ठ्याला पाठ लावून बसलेला. चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आतला पंखा पिवळाधमक. राजापुरी हळदीची धूळ तांब्याच्या जाळीत अशी थापून बसली होती की फुंकर मारून काही हलेना. टूथब्रश आणि टाचणी घेऊन अर्धा तास खरवडली. साफ करण्याआधी प्रोसेसरचं तापमान ९८ अंशांवर होतं, साफ केल्यावर त्याच कामाला ६२.

चूक माझी होती. काम काय करता हे मी विचारलं होतं, मशीन कुठे ठेवणार हे विचारलं नव्हतं.

जागा न बघता डबा ठरवणं

मिनी पीसीत लॅपटॉपसारखा एकच छोटा पंखा असतो आणि त्याच्यासमोर बारीक फटींची जाळी. फटी तुंबल्या की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो, तरी भागलं नाही की मशीन सरळ बंद होतं. म्हणून सकाळी ठीक आणि दुपारी मेलेलं. असं झालं की लोक आधी विंडोज फॉरमॅट करायला सांगतात. फॉरमॅटने धूळ जात नाही. तापमान दाखवणारं एखादं फुकट सॉफ्टवेअर टाका, काम करता करता आकडा बघा. ९५ च्या पुढे जाऊन तिथेच बसत असेल तर रोग गरमीचाच आहे.

मोठ्या कॅबिनेटमध्येही हळद जातेच. पण तिथे १२० मिलिमीटरचे पंखे, मोकळी जागा, रुंद फटी. तुंबायला वेळ लागतो, आणि ब्लोअर मारला की पाच मिनिटांत साफ. पिठाची गिरणी, हळद-बेदाण्याचं गोदाम, सिमेंटचं दुकान, फर्निचरचा कारखाना, अशा ठिकाणी मी आता मिनी पीसी देतच नाही. द्यायचाच झाला तर आतल्या काचेच्या केबिनमध्ये, मॉनिटरच्या पाठीला लावून. त्यासाठीची पट्टी बहुतेक मिनी पीसींबरोबर खोक्यातच मिळते आणि बहुतेक लोक ती खोक्यातच ठेवतात.

जोडायच्या वायरी न मोजणं

डबा किती वेगवान हे विचारणारे दिवसाला पाच येतात. त्याला काय काय जोडायचंय हे सांगणारा महिन्यातून एखादा. यार्डात तर हीच गोष्ट सगळ्यात महाग पडते. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावरचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये येतो तो अजूनही बहुतेक ठिकाणी ९ पिनांच्या सिरियल पोर्टातून. पट्ट्या छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, त्यातले जुने अजून रुंद पॅरलल केबलवर. ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त मिनी पीसीवर यातलं काहीच नसतं.

मग कन्व्हर्टर येतो. यूएसबी टू सिरियल, दोन-तीनशेची केबल, विंडोज ११ च्या मशीनला लावली की डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या जोडलेल्या वस्तूंच्या यादीत, पिवळा त्रिकोण. ही तक्रार इतकी नेहमीची आहे की कारण सांगून ठेवतो: या केबलींमध्ये प्रोलिफिकची जुनी पीएल२३०३ चिप, नाहीतर तिची नक्कल असते आणि तिला कंपनीच्या नव्या ड्रायव्हरमध्ये आधार नाही. त्रिकोणाशेजारी बऱ्याचदा तसा संदेशही लिहून येतो, तो कोणी वाचत नाही. एफटीडीआय चिपची केबल घ्या, थोडी महाग असते पण डोकं शांत राहतं. दुसरी गंमत अशी की झाडलोट करताना कोणी ती केबल काढून शेजारच्या यूएसबीत घातली, तर पोर्टचा नंबर बदलू शकतो. सॉफ्टवेअर कॉम ३ वर वजन शोधत बसतं आणि काटा बोलत असतो कॉम ५ वर. काटेवाल्याला बोलावण्याआधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन नंबर पूर्वीचा करा.

असेंबल्ड, म्हणजे सुटे पार्ट आणून कॅबिनेटमध्ये जोडलेल्या मशीनमध्ये हा प्रश्न जवळजवळ नसतो. इंटेल प्रोसेसरसाठीच्या साध्या एच६१० मदरबोर्डांपैकी कितीतरी बोर्डांवर कॉमचा हेडर, म्हणजे सिरियल पोर्टाच्या पिना, दिलेला असतो, मागच्या पट्टीवर ब्रॅकेट बसवला की खरा सिरियल पोर्ट तयार. डेल, एचपी, लेनोवोच्या ऑफिससाठीच्या एक लिटर आकारमानाच्या छोट्या मॉडेलांनाही सिरियल पोर्टचा पर्याय असतो. पण तो पर्याय असतो, प्रत्येक नगात नसतो. मशीन उलटं करून डोळ्यांनी पोर्ट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

"आय५ आहे ना, मग झालं"

मोठ्या कंपन्यांतून उतरलेले वापरलेले मिनी पीसी सध्या भरपूर येतात आणि त्यातले कित्येक खरोखर चांगले असतात. मी स्वतः दुकानात तसलाच वापरतो. फसगत होते ती जनरेशनमध्ये. आय५ नंतरचा आकडा वाचा. ६५००टी म्हणजे सहावी पिढी, ७५००टी म्हणजे सातवी, ८५००टी म्हणजे आठवी. शेवटचा टी म्हणजे ३५ वॅटवर चालणारा प्रोसेसर. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. आणि विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे बाजारात पडेल भावात आलेत. जुगाड करून त्यांच्यावर विंडोज ११ चढवून देणारे आहेत. ज्या मशीनवर जीएसटी आणि बँक चालते त्यावर मी तरी हा जुगाड करणार नाही.

नव्या स्वस्त डब्यांत एन१०० हा प्रोसेसर फार दिसतो. पावत्या, ऑनलाइन फॉर्म, मुलांचे व्हिडिओ, एवढ्याला तो पुरे. पण त्याला रॅमचा एकच चॅनेल आहे आणि इंटेलच्या कागदावर कमाल १६ जीबी. पुढे वाढवू म्हणून तो घेऊ नका.

रॅमचा घोळ

"जुन्या मशीनची रॅम यात घाल की." रोज ऐकतो. मिनी पीसीत लॅपटॉपची आखूड रॅम लागते. डीडीआर४ ची २६० पिनांची, डीडीआर५ ची २६२ पिनांची. डेस्कटॉपची लांब पट्टी २८८ पिनांची, ती तिथे बसणारच नाही. काही मिनी पीसींत तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली असते, म्हणजे जन्माची गाठ. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की जुनी पट्टी चालते की नाही यावर आता अख्खा हिशोब फिरतो. घरात डीडीआर४ च्या लांब पट्ट्या पडून असतील तर डीडीआर४ चा बोर्ड घेऊन असेंबल करणं स्वस्त पडू शकतं. मात्र बोर्डाचं नाव पूर्ण वाचा, कारण बी७६० नावाखाली दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात आणि दोन्ही रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात. जोर लावून बसवलेली पट्टी मी पाहिली आहे. पुन्हा पाहायची नाही.

ऑनलाइन फार स्वस्त दिसलं तर "बेअरबोन" शब्द शोधा. त्यात रॅम, एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क), विंडोज काहीच नसतं.

असेंबल करणाऱ्यांच्या चुका

इकडचेही लोक काही कमी नाहीत. विश्रामबागेत इंजिनिअरिंगची मुलं फार, एखादा विद्यार्थी यूट्यूब बघून सगळे पार्ट मागवतो, रात्रभर जोडतो आणि सकाळी दुकानात हजर: "दादा, पंखे फिरतायत पण डिस्प्ले नाही."

पहिला प्रश्न, प्रोसेसर कोणता? १२४००एफ. ग्राफिक कार्ड? "ते पुढच्या महिन्यात घेणार." झालं. इंटेलच्या नावामागचा एफ म्हणजे आत ग्राफिक नाही, बोर्डावरची एचडीएमआय शोभेची. एएमडीच्या रायझन ५६०० चंही तेच, ५६००जी मध्ये मात्र ग्राफिक आहे. कार्ड लावलं असेल तर केबल कार्डाच्याच पोर्टात हवी, बोर्डाच्या नाही. हसू नका, शिकलेल्या माणसांकडून ही चूक होते. चार खाचांच्या बोर्डावर रॅमच्या दोनच पट्ट्या असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्याची ८ पिनांची वेगळी वायर लावली का बघा. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढली का, तेही बघा. आणि एएमडीच्या नव्या प्रोसेसरांच्या एएम५ बोर्डावर डीडीआर५ पहिल्यांदा लावली असेल तर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, मशीन रॅमची ओळख करून घेत असतं. घाबरून बटण दाबलं की पुन्हा पहिल्यापासून.

एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, पैसे वाचवणं ही यातली सगळ्यात वाईट काटकसर. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावर ४५० वॅट लिहिलेलं असतं. हातात धरला की वजनावरूनच कळतं, आत काही नाही. तो मेला तर एकटा मरेल याची खात्री नाही.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओवाल्यांना एक वेगळी गोष्ट सांगतो. तुम्हाला असेंबल्डच लागेल. तास-तास एक्स्पोर्ट चालतो तेव्हा छोटा डबा पहिली काही मिनिटं पळतो आणि मग दमतो. पण ग्राफिक कार्ड घेणारच आहोत म्हणून इंटेलचा एफवाला प्रोसेसर घेऊ नका. नव्या कॅमेऱ्यांचं ४:२:२ दहा बिटचं (रंगांचा जास्त तपशील असलेलं) एच.२६५ फुटेज इंटेलचं आतलं ग्राफिक सहज उलगडतं, एनव्हिडियाच्या कार्डांत ती सोय ५० सिरीजपासून आली. थोडे पैसे वाचवून टाइमलाइन अडखळत ठेवायची, हा सौदा तोट्याचा. मॅक मिनीचं विचारतात. २०२४ चा एम४ चिपवाला १२.७ सेंटिमीटरच्या चौकोनात जे करतो ते कौतुकाचंच आहे. पण आपल्याकडे निम्मे स्टुडिओ एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर बसलेत आणि एडियस मॅकवर चालत नाही. आणि रॅम घेताना घेतली तेवढीच, पुढे वाढत नाही.

लाईट गेल्यावर

इथे मिनी पीसी खरा शहाणा ठरतो. साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून खरे वॅट मिळतात ३६० च्या आसपास, आणि आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी, म्हणजे ८४ वॅट-तास. मिनी पीसी आणि मॉनिटर मिळून ४०-४५ वॅट. निम्म्याहून जास्त बॅटरी वाया गेली धरली तरी अर्धा-पाऊण तास पावत्या फाडता येतात. त्याच यूपीएसवर ग्राफिक कार्डवालं मशीन लावा, गेम चालू असताना लाईट गेली की एक 'टीं' आणि काळोख. यूपीएसला दोष देऊ नका.

मिनी पीसीचा अॅडॅप्टर मात्र जपा. पिन बसली म्हणजे चाललं असं नसतं. डेलच्या मशीनला अॅडॅप्टरची ओळख पटली नाही तर ते सुरू होताना तसं सांगतं आणि मग प्रोसेसर रांगत चालवतं. "मशीन एकदम स्लो झालं" म्हणून आलेल्या दोन डब्यांचा आजार निव्वळ बदललेला अॅडॅप्टर होता. कॅबिनेटचा एसएमपीएस गेला तर संध्याकाळपर्यंत गावातच दुसरा मिळतो. ९० वॅटचा नेमका अॅडॅप्टर मागवायला कधी कधी आठवडा जातो.

पुराचं काय

हा प्रश्न फक्त सांगलीतच विचारला जात असेल. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ ची. नंतर आठवडाभर दुकानात चिखलाने भरलेली कॅबिनेटं येत होती. मॉनिटरच्या पाठीचा मिनी पीसी पिशवीत टाकून वरच्या मजल्यावर नेता येतो, ही त्याची मोठीच सोय. कॅबिनेट असेल तर किमान एसएसडी कुठे आहे हे माहीत करून ठेवा. भिजलेलं मशीन चालतंय का बघायला चालू करू नका. वायर काढा, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल काढा आणि तसंच आणा. त्या आठवड्यात जी मशीनं वाचली नाहीत त्यातली बरीचशी पाण्याने नव्हे, बटण दाबल्याने गेली.

बिल घ्या, जीएसटी नंबर टाकून घ्या. असेंबल्डमध्ये प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, म्हणून खोकी आणि बिल दोन्ही माळ्यावर. बाहेरून आलेल्या अनोळखी मिनी पीसीचं सर्व्हिस सेंटर कुठल्या शहरात आहे हे घेण्याआधी विचारा, नंतर नाही.

यार्डातल्या शेठना शेवटी मी कॅबिनेट जोडून दिलं. साधा बोर्ड, सिरियलचा ब्रॅकेट, काउंटरवर छातीच्या उंचीला फळी. दर महिन्याला त्यांचा दिवाणजी ब्लोअर मारतो. मिनी पीसी गेला घरी, नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर. परवा रॅम वाढवायला उघडला तर पंख्यामागच्या कोपऱ्यात हळद अजून होती.