काळा घोडा ते रणवार : भिंती आणि इमारतींचे फोटो काढताना या चुका टाळा

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही, चुकीच्या वेळी गेल्यामुळे. मुंबईच्या ओव्हल मैदानात उभं राहा. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेला आर्ट डेको (1930-40 च्या दशकांतली गोलाईदार शैली) इमारतींची रांग. 2018 साली दोन्हींना मिळून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, पण एकाच फेरीत दोन्ही नीट टिपता येत नाहीत. आर्ट डेकोवर ऊन सकाळी पडतं, राजाबाईवर दुपारनंतर. सकाळी टॉवर काढायला गेलात तर सूर्य त्याच्या पाठीशी असतो आणि हाती लागते नुसती काळी आकृती. काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीचं तोंड पूर्वेला, त्यामुळे तिथला मालाडचा पिवळा दगड सकाळीच खुलतो.

'इमारत मागे पडतेय असं का दिसतं?' हा प्रश्न हमखास येतो. फोन वर झुकवला की उभ्या रेषा वरच्या टोकाला जवळ येणारच, आणि 0.5 वर, म्हणजे फोनच्या अल्ट्रा-वाइड लेन्सवर, तर जास्तच. लायब्ररी टिपताना रस्ता ओलांडून जहांगीर आर्ट गॅलरीच्या बाजूला जा, ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, फोन सरळ धरा. खाली आलेला रस्ता नंतर कापा. रेषा एडिटिंगमध्ये सरळ करणार असाल तर चारी बाजूंना जागा सोडा, कारण त्यात कडा जातात.

वांद्र्याच्या रणवार या जुन्या वस्तीत, चॅपल रोडवरची भिंतचित्रं टिपताना मागे सरकायला जागाच नसते. अख्खं चित्र कोंबायचा हट्ट सोडा. एखादा डोळा, सोललेला रंग, चित्रातून गेलेला पाण्याचा पाइप पुरे. भिंतीवर अर्धं ऊन, अर्धी सावली असेल तर थांबा. ढगाळ दिवस उत्तम. पावसाळ्यात एसी टॅक्सीतून उतरल्यावर फोटो धुरकट आला तर फोकसला दोष देऊ नका, लेन्सवर बाष्प धरलेलं असतं. शर्टाने पुसलंत तर ओरखड्यांची भीती.

आणि ही लोकांची घरं आहेत. ओट्यावर कुणी बसलं असेल तर 'अंकल, फोटो काढू का?' एवढं विचारा. प्री-वेडिंगवाले जिने अडवून बसतात, त्याचा राग पुढच्या प्रत्येकावर निघतो आणि तो रास्तच आहे.

फोटो विकायचा असेल तर आणखी एक. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 नुसार इमारती आणि सार्वजनिक जागी कायमची बसवलेली शिल्पं यांच्या फोटोंना मोकळीक आहे. रंगवलेल्या भिंतचित्रांना तशी सूट नाही. टी-शर्टवर म्युरल छापायचं तर चित्रकाराला विचारावं लागेल. म्हणून कोपऱ्यातली सही कापू नका; भिंत पुन्हा रंगवली गेली की नाव शोधायला दुसरा मार्ग क्वचितच उरतो.