अकरावी सायन्स, लिफ्ट आणि विहिरीतली बादली

फिजिक्सच्या पहिल्या चाचणीत मला २५ पैकी ६ पडले होते. दहावीत विज्ञानाला चांगले मार्क घेऊन तालुक्याच्या कॉलेजात गेलेलो, त्यामुळे घरी सांगायची सोय नव्हती. घोडं अडलं ते लिफ्टच्या गणितावर. लिफ्ट वर जाताना आतल्या काट्यावर उभ्या माणसाचं वजन किती दिसेल? यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी, अन् तिला लोखंडी शिडी. लिफ्टमध्ये मी तोवर पायसुद्धा ठेवला नव्हता.

यंदा अकरावीला जाणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींना म्हणून आधीच सांगतो: लिफ्ट खोडा आणि तिथं विहिरीतली बादली लिहा. गणित तेच राहतं.

१० लिटर पाणी म्हणजे १० किलो. बादलीचं स्वतःचं सोडून द्या. पृथ्वी या पाण्याला १० गुणिले ९.८, म्हणजे ९८ न्यूटन बलानं खाली ओढते (९.८ हे पृथ्वीच्या ओढीनं येणारं त्वरण, म्हणजे वेग वाढायचा दर). बादली नुसती लटकत असेल तर दोरावरचा ताण ९८. एकसारख्या वेगानं वर येत असेल तरी ९८च. इथंच निम्मा वर्ग चुकतो, कारण ‘वर जाते म्हणजे जास्त जोर लागणार’ असं मन म्हणतं. जास्त जोर वेग वाढवायला लागतो. तुम्ही हिसका दिला आणि बादलीला वरच्या दिशेनं २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण मिळालं, तर ९.८ मध्ये हे २ मिळवा: ताण १० गुणिले ११.८, म्हणजे ११८ न्यूटन. जुना दोर भरली बादली हळू ओढली तर टिकतो आणि घाईत हिसकला की तुटतो, त्याचं कारण हेच. आमच्या आजीला सूत्र माहीत नव्हतं, पण हिसकला की ती हमखास ओरडायची.

दुसरा घोळ शब्दांचा. बाजारात आपण ज्याला वजन म्हणतो ते पुस्तकातलं वस्तुमान असतं. २० किलो कापूस हे वस्तुमान. त्याचं वजन १९६ न्यूटन. परीक्षेत वजन विचारलं आणि उत्तर किलोत लिहिलं की मार्क गेला. त्यात अकरावीला सगळं इंग्रजीत येतं. मी वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहून ठेवल्या होत्या: वस्तुमान म्हणजे मास, वजन म्हणजे वेट, जडत्व म्हणजे इनर्शिया, संवेग म्हणजे मोमेंटम. महिनाभर ते पान उघडंच असायचं.

फरक खरा कळला तो वेचणीच्या दिवसांत. संध्याकाळी बायांची गाठोडी स्प्रिंगच्या काट्याला टांगून मोजायचं काम माझ्याकडे होतं. मोठ्या ऐटीत मी सांगितलं की हाच काटा चंद्रावर नेला तर २० किलोचं गाठोडं सव्वातीन-साडेतीन किलोच दाखवेल, कारण तिथं गुरुत्व साधारण सहावा हिस्सा. शेजारची काकू लगेच म्हणाली, “काऊन रे बाबू, मंग मजुरीबी सहावा हिस्साच देशीन काय?”

मला उत्तर सुचायला वेळ लागला. कापूस तेवढाच, वेचायची मेहनत तेवढीच, म्हणजे वस्तुमान बदललेलं नाही. स्प्रिंग फक्त ओढ मोजते, त्यावर आकडे मात्र किलोचे छापलेले असतात. दोन पारड्यांच्या तराजूत तसं होत नाही. कापूस हलका झाला तसं वजनमापही हलकं होतं, म्हणून तराजू चंद्रावरही २० किलोच दाखवेल. हे ऐकून काकू म्हणाली, “म्हंजे खोट काट्यातच हाय.” (सकाळच्या दवानं गाठोडं जड भरतं ती गोष्ट निराळी. तिथं पाण्याचं वस्तुमान खरोखरच वाढलेलं असतं, आणि त्यावरून होणारं भांडणही खरंच असतं.)

आता तुटलेल्या दोराकडे परत या. दोर तुटला की बादली आणि पाणी दोन्ही सारख्याच त्वरणानं पडतात, त्यामुळे पडताना पाणी बादलीच्या तळाला दाबत नाही. अवकाशस्थानकात माणसं तरंगतात ती याच कारणानं. ते स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर आहे आणि तिथंही गुरुत्व इथल्या जवळपास ९० टक्के आहे. ‘अवकाशात गुरुत्व नसतं’ हे वाक्य मी शाळेत किती वेळा ऐकलं असेल, मोजदाद नाही. स्थानक आणि आतली माणसं सतत एकत्र पडत असतात, एवढंच.

पटत नसेल तर प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ खिळ्यानं भोक पाडा, पाणी भरा, बूच उघडं ठेवा. धार लागली की बाटली उंचावरून सोडा. पडेपर्यंत धार बंद. पहिल्यांदा डोळ्याला दिसत नाही, तेव्हा कुणाला तरी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांगा. आणि बाटली अंगणातच सोडा. मी माळ्यावरून घरात सोडली होती, खाली तुरीचं पोतं होतं.