काल्दो दे मांजिओका: ब्राझीलचं दाटसर कसावा सूप

साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो कसावा हाच या सुपाचा जीव. साओ पाउलो आणि मिनास जेराईसमध्ये त्याला मांजिओका म्हणतात, रिओमध्ये आयपिं आणि ईशान्य ब्राझीलमध्ये माकाशेरा. सुपाला दाटपणा कंदाच्या पिठूळपणामुळेच येतो. त्यात मैदा, कॉर्नफ्लोअर किंवा क्रीम घालायची अजिबात गरज नसते.

पाच-सहा जणांसाठी सालीसकट सव्वा किलो कसावा, 400 ग्रॅम कार्ने सेका (खारवून सुकवलेलं गोमांस), एक मोठा कांदा, चार-पाच लसूण पाकळ्या, दोन चमचे तेल, एक तमालपत्र आणि मूठभर शेइरो व्हेर्दे, म्हणजे पार्सली व कांद्याच्या पातीची जुडी, एवढं लागतं. ईशान्येकडे पार्सलीऐवजी कोथिंबीर घालतात.

मांसाची तयारी आदल्या दिवशी करा. तीन सेंटिमीटरचे तुकडे करून गार पाण्यात बुडवा आणि फ्रीजमध्ये 12 ते 24 तास ठेवा. मधे तीन-चारदा पाणी बदला. घाई असेल तर तुकडे उकळून पाणी फेका आणि असं तीनदा करा, पण चव थोडी उतरते. मग एक तुकडा शिजवून चाखा. खारट लागला तर आणखी एकदा पाणी बदला, कारण हा खारटपणा पुढे सुपात उतरला की काढता येत नाही.

कंद विकत घेताना त्याचं टोक मोडून बघा. आतला गर एकसारखा पांढरा किंवा पिवळसर हवा. निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर तो कंद शिळा आहे. कसावा काढल्यावर दोन-तीन दिवसांतच बिघडू लागतो, म्हणून सोललेला गोठवलेला कसावा मिळाला तर बिनधास्त घ्या. तो न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकायचा.

कसावा कच्चा खायचा नाही. त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, सालीत जास्त. जेवणात वापरतात ती गोड, ‘मान्सा’ जात. कडू ‘ब्रावा’ जात किसून, पिळून, भाजून पीठ करण्यासाठी असते आणि नुसत्या उकळण्याने ती सुरक्षित होत नाही. दिसण्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत, त्यामुळे खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. शिजलेला तुकडा कडू लागला तर तो सगळा कंद टाकून द्या.

सोलताना कंदाचे पाच सेंटिमीटरचे तुकडे करा आणि सालीला उभी चीर द्या. तपकिरी सालीखाली एक जाड गुलाबी-पांढरा थर असतो. सुरीचं टोक त्याखाली घालून फिरवलं की दोन्ही थर एकदम उलगडून निघतात. तुकडे धुऊन भरपूर पाण्यात, झाकण न ठेवता उकळा. साधारण 25-30 मिनिटांत ते फुलून कडांना फुटतात. ते पाणी फेका आणि मधली दोरीसारखी शीर ओढून काढा. ही शीर राहिली तर मिक्सरमध्ये तिचे धागे होतात आणि प्रत्येक घोटात दाताला लागतात. अर्धा-पाऊण तास उकळूनही टणक राहिलेला तुकडा जून असतो. तो बाजूला काढा, वाटला तरी सूप रवाळच राहील.

दुसरीकडे कुकरमध्ये मांस, तमालपत्र आणि सव्वा लिटर पाणी घाला. वाफ धरल्यावर मंद आचेवर 30 ते 40 मिनिटं शिजवा, मग मांसाचे धागे सोडवा. हे पाणी जपून ठेवा, ते या सुपाचं सार आहे. मात्र खारट असेल तर निम्मं साधं पाणी मिसळा.

पाऊण कसावा या कोमट पाण्यात मिक्सरला लावा, दहा-पंधरा सेकंद, थांबून-थांबून. इथेच बहुतेकांचं चुकतं. जास्त फिरवलं की स्टार्च सुटतो आणि सूप डिंकासारखं ताणलं जातं. ते पुन्हा सुधारत नाही. मॅशरने चेचलं तरी उत्तम. उरलेला पाव भाग हाताने मोडून तसाच ठेवा.

जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर कांदा सोनेरी होईपर्यंत परता, लसूण घाला, मग मांसाचे धागे चार-पाच मिनिटं परतून कडा कुरकुरीत होऊ द्या. त्यावर कसाव्याचा गोळा, उरलेलं पाणी आणि मोडलेले तुकडे घालून 10 मिनिटं मंद आचेवर ठेवा. बुडाला लगेच लागतं, म्हणून तळ खरवडत ढवळत राहा. मीठ आणि मिरपूड अगदी शेवटी, चाखून.

सूप डावावरून सावकाश, जड धारेने पडलं पाहिजे. उभं राहिलं की ते घट्ट होतं, त्यामुळे वाढताना आणि दुसऱ्या दिवशी गरम करताना उकळतं पाणी घालून सैल करा. वरून शेइरो व्हेर्दे आणि तिखट हवं तर मालागेता मिरची. जूनमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, फेस्ता जुनिना या लोकोत्सवाच्या थंड रात्री ते मातीच्या वाडग्यात वाढतात. कार्ने सेकाऐवजी गाईच्या बरगड्या शिजवून कसाव्याचे तुकडे न वाटता त्यात घातले की ‘वाका आतोलादा’ होते, म्हणजे चिखलात रुतलेली गाय.